दाढ दुखायची थांबली तेव्हा

शेषराव हळकुंड दातानं तोडून बघायचा. वाळवणातून एक उचलायचं, अंगठ्यानं माती पुसायची, उजवीकडच्या खालच्या दाढेवर धरायचं आणि जबडा आवळायचा. कोरडा आवाज आला तर माल पॉलिशच्या ड्रमात जायचा. दबका आला तर अजून ऊन. बाकीच्या टोळ्यांतले लोक हातानं मोडून बघतात. हातानं मोडलेलं फसवतं, असं त्याचं म्हणणं. हात दमलेला असला की ओलं हळकुंडही कडक वाटतं. दाढ दमत नाही.

ती दाढ चिरली. तिच्यापासून त्याच्या गळ्यापर्यंत काय आलं, ते लिहितो.

मी कोंडीबा. हिंगोलीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली केली. गुडघे गेले तेव्हा गावी, डोंगरकड्याला परत आलो. आता हंगामात पोत्यांची तोंडं शिवतो. दाभण, सुतळी आणि सावली एवढं लागतं. बसून करायचं काम आहे म्हणून लोक त्याला सोपं समजतात. टाका लांब पडला की पोतं पाठीवर फाटतं, आणि ती पाठ दुसऱ्याची असते. म्हणून मी टाका लांब पडू देत नाही. शेषराव आणि मी एका गल्लीतले. चौथीतून दोघांनी बरोबरच शाळा सोडली.

त्याचा बाप लोकांच्या शेतात उघड्या काहिलीवर हळद शिजवायचा. खाली पऱ्हाटीचा, कापसाच्या काड्यांचा जाळ, वर तोंडावर वाफ. शेषराव बापाच्या हाताखाली शिकला. पुढं वाफेवर शिजवायचे कुकर आले. पाण्याची टाकी, तिच्याखाली जाळ, तिथून नळीनं वाफ लोखंडी पिंपांत सोडायची. गावातल्या संतरामनं तसलं यंत्र घेतलं आणि ते चालवायला शेषरावाला बोलावलं. यंत्र विकणाऱ्यानं एका सकाळी सगळं समजावून सांगितलं आणि तो गेला. शेषरावानं ते शिकायला पुरा हंगाम घेतला. झडप कधी सोडायची हे कानानं ओळखायला लागला तेव्हाच त्यानं बाकीच्यांना यंत्राजवळ येऊ दिलं. त्याच्या हाताखाली आजवर एकही माणूस भाजला नाही. मराठवाड्यात असं सांगणारे थोडे सापडतील.

कंबर मात्र गेली होती. पिंप कलतं करून शिजलेली हळद ओतायची, ते काम कंबरेवर येतं. खिशात दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट कायम असायचं. सगळ्यांच्याच असतं. सकाळी भाकरीनंतर एक घेतली की दिवस निघतो.

या वर्षी मार्चच्या शेवटी दाढ चिरली. चिरली तेव्हा त्यानं सांगितलं नाही. दोन्ही हातांनी जबडा धरून बसला तेव्हा त्याची बायको केशरबाई आणि मी त्याला बाळापूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेलो. बाईंनी फोटो काढला. म्हणाल्या, दाढेच्या मुळाशी पू झालाय. काढून टाकली तर लवकर सुटाल. वाचवायची असेल तर आतली मेलेली नस काढून मुळं साफ करावी लागतील, दोन-तीनदा यावं लागेल.

"काढायची न्हाई," शेषराव म्हणाला. "ते माझं हत्यार हाय."

"काका, हत्यार आतून सडलंय."

"मंग साफ करा. मी बी पिंपं साफ करतो, फेकून न्हाई देत."

बाईंनी दाढ उघडली, मुळांत बारीक तारा घालून घासलं, औषध भरलं, वर कच्चं सिमेंट लावलं. निघताना त्यांनी केशरबाईला समोर बसवून सांगितलं. आत अजून घाण आहे. दुखलं नाही तरी पुढच्या आठवड्यात यायचं. आणि सूज गालावरून खाली, हनुवटीखाली उतरली तर माझ्याकडंही येऊ नका, थेट नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात जा. तिथून सूज गळ्यात जाते आणि श्वास बंद होतो.

शेवटचं वाक्य त्यांनी हळू सांगितलं. मला ते मोठ्यानं ऐकू आलं.

पुढच्या आठवड्यात तो गेला नाही. शेवटची हळद शिजत होती, आधीची वाळली होती, पॉलिश सुरू झालं होतं. दाढ ठणकत होती. तो म्हणाला, भीमजयंती झाली की जातो.

जयंतीला ऐश्वर्या आली. शेषरावाच्या धाकट्या भावाची मुलगी. दातांची डॉक्टर झाली आणि आता संभाजीनगरला पुढचं शिकते. निळी साडी नेसून अंगणात आली, चुलत्याच्या पाया पडली आणि त्याचा गाल बघून तिथंच थांबली. मोबाईलचा उजेड लावून तिनं त्याच्या तोंडात बघितलं.

"मोठेबाबा, दुसऱ्यांदा गेलाच नाहीत?"

"जातो की. तू काय शिकून राहिली तिकडं, ते सांग. गावात सांगावं लागतं मला."

ती त्याच्याजवळ बसली आणि तिनं सांगितलं. ती ज्याचा अभ्यास करत होती ते नेमकं त्याच्या दाढेत होतं. मुळातली नस मेली की आतली नळी रिकामी होते. तिथं जंतू शिरतात. सुटा जंतू औषधानं मरतो. पण ते सुटे राहत नाहीत. नळीच्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःवर बुळबुळीत थर चढवून घेतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. औषध वरवर फिरतं, थराच्या तळाशी पोचत नाही.

"गुरांच्या हौदाला असतो तसा?" शेषरावानं विचारलं.

"तसाच. हौदातलं पाणी बदललं तर जातो का?"

"न्हाई. दगडानं घासावा लागतो."

"दातात घासायला जागा नाही. मुळाच्या नळीला केसाएवढ्या फांद्या असतात. तार तिथं जात नाही. म्हणून थर तोडणारं औषध पाहिजे. अगदी नवं औषध करायला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणून आम्ही जुनीच औषधं तपासतोय. दुसऱ्या आजारांची. जंताची, रक्तातल्या चरबीची, दुखण्याची. माणसाला ती चालतात हे आधीच माहीत आहे. हे दुसरं काम त्यांना जमतं का, ते बघायचं."

"जसं हमालाला पोती शिवायला बसवलं," शेषराव माझ्याकडं बघून म्हणाला.

"तो बरा शिवतो," मी म्हणालो.

"दुखण्याची कंची गोळी गं?"

तिनं डायक्लोफेनॅकचं नाव घेतलं. त्यानं खिशातून पाकीट काढून तिच्या हातात दिलं. तिनं नाव वाचलं. हेच, म्हणाली. आणि लगेच पुढचं सांगितलं. मी तिथं होतो, म्हणून लिहितो की तिनं सांगितलं होतं. हे काढलेल्या दातांवर चाललंय, माणसाच्या तोंडात नाही. गोळी खायची नाही, तिचा लेप करून मुळाच्या नळीत भरायचा. थर कमी होताना दिसतोय, पण तपासणी अजून पुष्कळ बाकी आहे. तुम्ही मात्र उद्या बाळापूरला जायचं.

"जातो," शेषराव म्हणाला.

तो गेला नाही. पॉलिशच्या ड्रमाजवळ त्यानं मला आपला हिशोब सांगितला. भाकरी आपण पोटात टाकतो, जोर येतो दंडात. मग गोळी पोटात टाकली तर दाढेत काहून जाणार नाही? पोरगी थेट दाढेत भरते. आपण लांबच्या रस्त्यानं पाठवतो. औषध तेच. रस्ता लांबचा म्हणून एका गोळीच्या जागी तीन.

"ती म्हणाली खायची न्हाई म्हणून," मी म्हणालो.

"कंबरेसाठी खातोच ना? तेव्हा न्हाई कोन म्हणत."

आणि दाढ थांबली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गालावर दोन बोटं मारून दाखवली. काही नाही. ठणका नाही, कळ नाही. अंगातली कणकण गेली. तो पिंपं ओतायला लागला, ड्रम भरायला लागला. पूर्वीसारखं. कामावर माणूस बरा आहे की नाही हे आम्ही दुखण्यावरून ठरवतो. दुखतं तेव्हा बसतो, थांबलं की उठतो. दुसरं माप आमच्याकडं नाही.

पॉलिशचा ड्रम फिरायला लागला की पिवळी धूळ उडते. सगळे जण डोळ्यांपर्यंत गमजा बांधतात. उघडं राहतं तेवढं कपाळ आणि कानाच्या पाळ्या पिवळ्या होतात. आठ माणसं काम करत असली तर कोण कोण ते चालीवरून ओळखावं लागतं. त्या धुळीत तापलेला चेहरा आणि निरोगी चेहरा एकच दिसतो. शेषराव वाळवणाच्या राखणीला खळ्यावरच झोपत होता. केशरबाई सकाळी भाकरी बांधून आणायची आणि तिनंही तोंड बांधूनच हळद लोटायला सुरुवात करायची. त्याचं उघडं तोंड कोणी बघितलंच नाही.

मला थोडं दिसलं होतं. तो भाकरी दुधात कुस्करायला लागला होता. ठेचा माझ्याकडं सरकवायचा. मी म्हटलं, म्हातारा झालास. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो बोलायचा कमी झाला. तोंडात घास धरून बोलल्यासारखा आवाज यायला लागला. गमज्यामुळं असेल, असं मी समजलो.

त्याच दुपारी चहा आला. ड्रम बंद केला. सगळ्यांनी गमजे सोडले. शेषराव पाठमोरा बसला. कप हातात होता, पण तोंडाला लावत नव्हता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि त्याच्या गमज्याची गाठ ओढली.

त्याला हनुवटीच उरली नव्हती. गालापासून मान सरळ खाली उतरली होती, दोन्ही बाजूंनी. गमजा आतून भिजला होता. तोंड थोडं उघडं होतं आणि जीभ वर आली होती, आतून कोणीतरी ढकलल्यासारखी. वरून सगळं हळदीनं पिवळं, सुजेवर कातडी चकाकत होती.

"दुखून राहिलं का?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली. न्हाई.

बाळापूरच्या बाईंचं वाक्य मला आठवलं. मी पोत्यांची थप्पी कोसळून माणूस खाली गेलेला बघितलाय. त्या वेळी धावता येतं. इथं समोर माणूस चहाचा कप धरून बसला होता आणि त्याला काही दुखत नव्हतं.

ऐश्वर्याला फोन लावला. सांगितलं.

"काका, त्यांना जीभ बाहेर काढायला सांगा."

त्यानं काढून बघितली. दाताच्या पुढं येईना.

"हनुवटीखाली बोटानं दाबा. मऊ आहे की घट्ट?"

"लाकूड हाय."

"दोन्हीकडं?"

"व्हय."

"थुंकी गिळतायत का?"

"गमज्यात गाळून राहिला."

मग तिचा आवाज बदलला, बारीक झाला. "आत्ता निघा. नांदेड. त्यांना आडवं करू नका, बसवूनच न्या. पाणी देऊ नका. शेक देऊ नका. मी तिथल्या डॉक्टरांना फोन करते." आणि ठेवता ठेवता विचारलं, "गोळी किती दिवस खातायत?"

"तू आली होतीस तवापासून."

तिनं फोन ठेवला.

संतरामची पिकअप खळ्यावरच होती. मागच्या हौद्यात अर्धी भरलेली पोती होती. ती उतरवायला वेळ नव्हता, त्यांवरच आम्ही शेषरावाला बसवलं. केशरबाई त्याच्या पाठीला पाठ लावून बसली, तो मागं कलू नये म्हणून. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, मान पुढं काढली. ते कोणी सांगितलं नव्हतं. श्वास तेवढ्यानंच येत असावा.

"मला काहून दाखवलं न्हाई?" केशरबाई एकसारखी म्हणत होती. "एवढी मोठी सूज गळ्यात घेऊन बसला, मला काहून दाखवलं न्हाई? रोज भाकरी आणून देते मी. आंधळी हाय का मी?"

त्यानं मागं हात करून तिचा हात शोधला.

झडप अर्धी उघडी राहिली की कुकरमधून वाफ शीळ घालत निघते. त्याच्या गळ्यातून तशी शीळ यायला लागली. श्वास आत घेताना. अर्धापूरच्या अलीकडं केळीच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. संतराम खाली उतरून लोकांना हात जोडत पुढं गेला. गाडी उभी राहिल्यावर शीळ जास्त ऐकू आली. ओझं उचलताना श्वास कधी धरायचा आणि कधी सोडायचा हे हमालाला शिकावं लागतं. मी त्याच्याबरोबर श्वास घ्यायला लागलो. त्याचा लांबला की माझाही अडकायचा. मग शीळ थांबली. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती हलत होती, आवाज नव्हता. केशरबाईनं मागून विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही न्हाई." शीळ परत आली. एवढ्या आनंदानं मी आयुष्यात कुठलाही आवाज ऐकला नाही.

नांदेडच्या दवाखान्यात लोक दारातच उभे होते. ऐश्वर्यानं काम केलं होतं. एका तरुण डॉक्टरांनी त्याच्या गळ्याला हात लावला आणि मागं वळून फक्त मान हलवली. ते केशरबाईला म्हणाले, "तोंडातून नळी जाणार नाही. आडवं झोपवता येत नाही. बसल्या बसल्या गळ्याला भोक पाडून तिथून श्वास द्यावा लागेल. मग सूज कापून पू काढू. सही करा. ते हाती लागतीलच असं सांगता येत नाही, पण थांबलो तर नक्की जातील."

केशरबाईनं सही केली. सावकाश, पूर्ण नाव. हळदीचा अंगठा कागदाच्या कोपऱ्यावर उमटला.

आत नेताना शेषरावानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत भीती होती. आम्ही साठ वर्षांचे सोबती. ती भीती मी त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा बघितली. तापलेल्या पिंपाजवळ तो उभा राहिलेला आहे, तिथं नव्हती.

आम्ही बाहेर बसलो. पाठीवर ओझं असलं की काय करायचं ते मला माहीत असतं. पाय कुठं टाकायचा, नजर कुठं ठेवायची. इथं पाठ रिकामी होती आणि करण्यासारखं काही नव्हतं. संतराम येरझाऱ्या घालत होता. केशरबाई दाराकडं बघत होती. तिनं तोंडावरचा गमजा अजून सोडला नव्हता. मी सांगितल्यावर सोडला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या बाहीवर डाग होता. श्वास चालू आहे, म्हणाले. पू दोन्ही बाजूंनी निघाला, पुष्कळ निघाला. दाढ काढली. आता औषध शिरेतून देऊ. सूज छातीत उतरली नाही तर वाचतील.

सूज छातीत उतरली का, हे ते सकाळ-संध्याकाळ बघायचे. आम्ही त्यांच्या तोंडाकडं बघायचो.

ऐश्वर्या दुसऱ्या दिवशी आली. आत गेली नाही. बाहेर माझ्याजवळ बाकावर बसली.

"मी त्यांना सांगितलं होतं, काका. खायची नाही म्हणून."

"सांगितलं होतंस."

"मग?"

"तू सांगितलं ते त्यानं ऐकलं. दाढ थांबली ते त्याच्या अंगावर आलं. त्याला तेच खरं वाटलं."

"गोळीनं दुखणं दाबलं. ताप दाबला. जंतूंना काही झालं नाही. ते खाली उतरत राहिले आणि मोठेबाबांना कळलंच नाही." ती आपल्या बोटांकडं बघत होती. "मी नावच घ्यायला नको होतं. गावात सांगावं लागतं म्हणाले, म्हणून मला बरं वाटलं. मला हे काम सोडावंसं वाटतंय."

मला तिच्या कामातलं कळत नाही. मी फक्त तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दिवस गेले. सूज छातीत उतरली नाही. मानेची कातडी सुरकुतली. एका सकाळी नर्सबाईंनी गळ्यातल्या नळीवर बोट कसं ठेवायचं ते त्याला शिकवलं. बोट ठेवलं की आवाज निघतो. ऐश्वर्या आत गेली होती, केशरबाई होती, मी होतो. तो पहिल्यांदा काय बोलेल म्हणून आम्ही वाकलो. कोणाला वाटलं पाणी मागेल.

त्यानं बोट ठेवलं. आवाज चिरलेला होता.

"सोनाजीला सांगितली मी ती गोळी," तो म्हणाला. बोट काढलं, श्वास घेतला, पुन्हा ठेवलं. "रूपाबाईला बी. साखऱ्याच्या टोळीतली."

केशरबाई म्हणाली, "आता गप ऱ्हा."

"पुतणीचं औषध म्हणून सांगितलं."

ऐश्वर्याचा रंग उतरला. सोनाजी आमच्याच गावचा. त्याला मी लगेच फोन केला. त्यानं गोळ्या घेतल्याच नव्हत्या, दात तंबाखूनं थांबला म्हणाला. ऐश्वर्यानं त्यालाही दवाखान्यात जायला लावलं. रूपाबाईकडं फोन नव्हता. ती सेनगाव तालुक्यात साखऱ्याला कामावर होती; तिकडं जाताना आमच्या खळ्यावर थांबली होती, तेव्हा त्यानं तिला सांगितलं असावं. तिच्या मुकादमाला फोन लागला. त्यानं तिला हाक मारून विचारलं आणि आम्हाला सांगितलं, "बरी हाय की ती. दाढ थांबली म्हणती."

हे ऐकून शेषरावानं उठायचा प्रयत्न केला. नळी ओढली गेली. नर्सबाई ओरडल्या. ऐश्वर्यानं मुकादमाला फोनवर चारदा समजावलं, आजच्या आज तिला दातांच्या डॉक्टरकडं न्या. तो प्रत्येक वेळी हो म्हणाला. ज्या माणसाचं काम चालू आहे त्याचा हो कसा असतो, ते मला ओळखता येतं.

त्या संध्याकाळी शेषरावानं पुतणीला जवळ बोलावलं आणि नळीवर बोट ठेवलं.

"त्या दातांत तो थर मरतो का खरंच?"

"कमी होतो. मरतो असं अजून म्हणता येत नाही."

"मंग कामाला लाग. कमी होतो का मरतो, ते बघ."

ती परत गेली.

नळी काढली, भोक बुजायला लागलं, सुट्टी मिळाली. संतराम पिकअप घेऊन आला. केशरबाईनं घरी भात टाकून ठेवायला शेजारी सांगितलं होतं. अर्धापूर गेलं, डोंगरकड्याचा फाटा आला. शेषराव म्हणाला, "साखऱ्याला घे."

"अहो, डॉक्टर काय म्हणले?" केशरबाई म्हणाली. "आराम म्हणले."

"गाडीत बसून आरामच हाय."

संतराम माझ्याकडं बघायला लागला. मी समोर बघत होतो. त्यानं गाडी वळवली नाही, सरळ घेतली.

साखऱ्याला पोचलो तेव्हा ड्रम फिरत होता. रूपाबाई हळकुंडं घमेल्यात भरून ड्रमाच्या तोंडाशी ओतत होती. पन्नाशीची बाई, काटक. शेषरावाच्या गळ्यावरची पट्टी बघून हसली.

"भाऊ, गळ्यात काय बांधलं? नवरी मिळाली का दुसरी?"

"रूपाबाई, दाढ कशी हाय?"

"तुमच्या पुतणीला हजार वर्षं आयुष्य. दुखत न्हाई आता."

"कधीपासून दुखत न्हाई?"

"झाले की दिवस. तीन-तीन खाते ना, तुमी सांगितल्या तशा."

त्यानं पट्टी वर केली आणि भोक दाखवलं. तिचं हसू थांबलं. तरी ती म्हणाली, "तुमची दाढच नाजूक असंल. माझं तर दुखतच न्हाई. हंगाम संपला की जाते. आता गेले तर माझी जागा दुसरी घेईल."

मुकादम आला. "पाव्हणं, मी पाठवतो म्हणलं ना फोनवर. आता काम चालू हाय."

शेषरावाचा आवाज अजून पुरा आला नव्हता. भांडायला आवाज लागतो. तो ड्रमाच्या पुढं गेला आणि ओतायच्या ढिगावर मांडी घालून बसला. ड्रम रिकामा फिरायला लागला. मुकादमानं उठा म्हटलं. दोन माणसं आली. उभा माणूस ढकलता येतो, पोतं उचलता येतं. उठायचंच नाही असं ठरवून बसलेला माणूस उचलणं सगळ्यांत अवघड. त्याचं वजन वाढतं. दोघांनी काखेत हात घातले, त्याच्या गळ्याकडं बघितलं आणि हात काढून घेतले. मुकादमानं ड्रम बंद करायला सांगितलं.

आवाज थांबल्यावर रूपाबाईनं घमेलं खाली ठेवलं.

"बसूनच ऱ्हानार का?"

त्यानं मान हलवली. व्हय.

"घंटाभरात आणून सोडायचं मला," ती म्हणाली आणि पिकअपकडं चालायला लागली. शेषराव तिच्यामागून उठला.

दातांचा दवाखाना सेनगावला, आणि तिकडचा रस्ता खराब आहे. हौद्यात ती त्याच्यासमोर बसली. मुकादमाला शिव्या दिल्या, संतरामच्या गाडीला नावं ठेवली, केशरबाईला तिच्या जावेची गोष्ट सांगितली. ती बोलत होती तोवर तो शांत होता. तिनं दम घ्यायला तोंड बंद केलं की त्याचा चेहरा ताठ व्हायचा. पुढं वाकून तो तिच्या गळ्याकडं बघायचा, शीळ येते का ऐकायचा.

"बोल," तो म्हणायचा.

"काय बोलू?"

"काही बी. बोलत ऱ्हा."